होम थिएटरच्या केबल आणि सर्ज प्रोटेक्शन : गेल्या ऑक्टोबरात सगळं जळलं, आता काय घेऊ?

कुळागरातला (सावईवेरे)

नमस्कार मंडळी. आमचं घर सावईवेऱ्याला उतारावर आहे, खाली कुळागर, म्हणजे सुपारी-माडांची बाग. घर जुनं, चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं). दोन वर्षांपूर्वी वर स्लॅब टाकून एक मोठी खोली काढली आणि तिथे ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) बसवलं. बाबांकडे नाट्यसंगीताची आणि गावच्या नाटकांची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, ती नीट ऐकता यावीत हा मूळ हेतू. सिनेमे, क्रिकेट हे नंतर आलं.

गेल्या ऑक्टोबरात दसऱ्यानंतर एका संध्याकाळी कुळागराच्या कडेच्या माडावर वीज पडली. घरापासून चाळीसेक मीटरवर. माडाचा शेंडा दोन दिवसांत करपला. वरच्या खोलीतला एव्हीआर (स्पीकर चालवणारा रिसीव्हर), प्रोजेक्टर आणि सेट-टॉप बॉक्स एकदम गेले. विम्यात काही बसलं नाही. सहा महिने पैसे साठवून आता एव्हीआर आणि प्रोजेक्टर पुन्हा घेतोय. स्पीकर आणि सबवूफर वाचले आहेत.

पणजीच्या एका दुकानात चौकशी केली. त्यांनी ११ मीटरची एचडीएमआय केबल १४ हजारांना, स्पीकर केबल मीटरला ४५० रुपये आणि एक 'ऑडिओ ग्रेड' स्पाइक गार्ड ९ हजारांना सांगितला. हा स्पाइक गार्ड लावला की वीज पडली तरी चिंता नाही, असं ते म्हणाले. पूर्वी माझ्याकडे साधा सहाशे रुपयांचा स्पाइक गार्ड होता, त्यामुळेच जळलं, असंही त्यांचं म्हणणं.

केबल आणि सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) मिळून माझ्याकडे २५ हजार आहेत. मागचे सराउंड स्पीकर एव्हीआरपासून वायरच्या वाटेने १२ मीटर पडतात. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू व्हायच्या आत सगळं बसवायचं आहे. कशावर किती खर्च करू? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगावं, पुन्हा तीच चूक करायची नाही.

जुना टीव्हीवाला (डिचोली)

काही विकत घेऊ नका अजून. आधी मला चार गोष्टी सांगा.

एक, जुना एव्हीआर उघडून कोणी पाहिला का? मेन फ्यूज उडाला होता की शाबूत होता? दोन, तो सहाशे रुपयांचा स्पाइक गार्ड अजून चालतो का? तीन, खोलीत भिंतीतल्या प्लगशिवाय बाहेरून अजून कुठल्या तारा येतात? डिशची केबल, लॅन, फोन, जे असेल ते सगळं. चार, एव्हीआरच्या पत्र्याला कधी बोट लागलं तर झिणझिण्या यायच्या का?

मी ३१ वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबच्या काळापासून दर मे आणि ऑक्टोबरात विजेने मारलेले सेट माझ्या टेबलावर येतात. काय जळलं यावरून वीज कुठून शिरली ते कळतं. ते कळल्याशिवाय संरक्षणावर पैसे घालणं म्हणजे चोर मागच्या दाराने आलेला असताना पुढच्या दाराला कुलूप घेण्यासारखं आहे.

कुळागरातला (सावईवेरे)

काका, आज रविवार असल्यामुळे बसून सगळं पाहिलं.

जुना एव्हीआर टाकून दिला नव्हता. भाचा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, त्याने उघडला. मेन फ्यूज शाबूत. ट्रान्सफॉर्मर ठीक. एचडीएमआयचं बोर्ड मात्र काळं पडलंय, तिथल्या एका चिपला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलंय. प्रोजेक्टरचंही तसंच म्हणाला, दिवा लागतो पण एचडीएमआय मृत.

स्पाइक गार्ड अजून चालतो! आई खाली त्यावर मोबाइल लावते.

बाहेरून येणाऱ्या तारा दोन. डिशची केबल, ती स्लॅबवरच्या डिशपासून खिडकीच्या चौकटीतून सेट-टॉप बॉक्सला. दुसरी लॅन केबल, खालच्या राउटरपासून भिंतीच्या बाहेरून वर आणलेली.

झिणझिण्या यायच्या. ओला हात असला की जास्त. सगळीकडेच असं होतं असं समजून आम्ही सोडून दिलं होतं.

जुना टीव्हीवाला (डिचोली)

तुमचा स्पाइक गार्ड निर्दोष आहे. त्याच्या जागी नऊ हजारांचा असता तरी हेच झालं असतं.

मेनच्या तारेतून सर्ज आला असता तर आधी फ्यूज, मग पॉवर सप्लाय जळला असता, आणि स्पाइक गार्डमधला एमओव्ही फुटला असता. एमओव्ही म्हणजे आत असलेली निळी किंवा पिवळी चकती, एक रुपयाच्या नाण्याएवढी. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती वाट उघडते आणि जादा ऊर्जा स्वतः गिळते. जोराचा सर्ज गिळला की ती तडकते, कडेला काजळी धरते. हलवलं तर खुळखुळते. तुमचा स्पाइक गार्ड अजून चालतो आणि एव्हीआरचा फ्यूजही शाबूत आहे, म्हणजे तिथपर्यंत फारसं काही पोचलंच नाही.

वीज आली डिशच्या केबलमधून. क्रम असा : डिश, सेट-टॉप बॉक्स, त्यातून एचडीएमआय, एव्हीआर, पुढची एचडीएमआय, प्रोजेक्टर. एचडीएमआयची चिप ३.३ व्होल्टवर काम करते. तिच्यासाठी शंभर व्होल्टसुद्धा मरण. माडावर पडलेली वीज तुमच्या डिशवर पडलेली नाही, तशी पडली असती तर केबलच वितळली असती. पण एका कडाक्यात साधारण ३० हजार अँपिअर जमिनीत उतरतात. जवळपासच्या प्रत्येक लांब तारेत त्याचा धक्का उमटतो, आणि जमिनीचंही व्होल्टेज जागोजागी वेगवेगळं वर उचललं जातं.

आता नीट लक्ष द्या, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. दुर्भाटच्या फेरीबोटीचा विचार करा, तुमच्या तालुक्यातलीच आहे. भरतीला बोट कितीही वर आली तरी आत बसलेल्यांना काही होत नाही, सगळे एकत्र वर येतात. पडतो तो ज्याचा एक पाय जेटीवर आणि एक पाय बोटीत आहे. तुमचा एव्हीआर असाच उभा होता. एक पाय डिशच्या केबलवर, एक पाय घराच्या वायरिंगवर. दोन्हींमधला फरक काही हजार व्होल्ट झाला आणि तो एचडीएमआयच्या चिपमधून वाहिला.

म्हणून खोलीत शिरणारी प्रत्येक धातूची तार एकाच अर्थला बांधलेली हवी. डिशचा खांब, डिशची केबल, लॅन, मेन, सगळं. मग वीज आली तर सगळं एकत्र वर जाईल आणि एकत्र खाली येईल.

आणि झिणझिण्या सगळीकडे येत नाहीत. तुमच्या घरात अर्थ नाही, असं मी न पाहता लिहून देतो. मल्टिमीटर असेल तर थ्री-पिनच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. सवय नसेल तर वायरमनकडून घ्या, स्वतः हात घालू नका.

मांद्र्याची

काकांनी मुख्य गोष्ट सांगितलीच आहे, मी केबलचं सांगते. आमचं घर मांद्र्याला समुद्रापासून पाचशे मीटरवर. सहा वर्षांत तीन वेळा स्पीकर केबल बदलली आणि तिन्ही वेळा वेगळ्या कारणाने, म्हणून एवढं खात्रीने लिहिते.

पहिली केबल जाडजूड, पारदर्शक, दिसायला देखणी. दोन पावसाळ्यांत आतून हिरवी-काळी पडली. कापून पाहिली तर तारा बाहेरून तांबूस, चाकूने खरवडल्यावर आतून पांढऱ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. बाजारात ती सीसीए नावाने असते आणि पुष्कळदा डब्यावर ते लिहिलेलंच नसतं. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट, आणि खाऱ्या हवेत टोकं लवकर सडतात. दादा, दुकानात मागाल तेव्हा एक टोक सोलून द्यायला सांगा आणि नखाने, चाकूने खरवडून बघा. वजनही हातात कळतं, सीसीए हलकी लागते.

दुसरी शुद्ध तांब्याची होती, ती उंदरांनी खाल्ली. छपराखालच्या माळ्यावरून उघडी नेली होती, आमचीच चूक. तिसरी पीव्हीसी पाइपातून नेली, ती आजही आहे.

मीटरला ४५० देऊ नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळणारी चांगल्या कंपनीची अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) दोन-कोअर तांब्याची फ्लेक्सिबल वायर तुमच्या १२ मीटरला पुरते. हिशेब साधा आहे. अडीच एमएमला मीटरमागे सुमारे ०.००८ ओहम. जायची-यायची मिळून २४ मीटर, म्हणजे ०.१९ ओहम. स्पीकर ६ ओहमचा धरला तर तीन टक्क्यांच्या थोडं वर. पाच टक्क्यांच्या आत राहिलं की कानाला फरक पडत नाही. दीड एमएम घेतलीत तर ०.३२ ओहम होतात, म्हणजे पाचच्या थोडं वर. तिथे कंजुषी नको. पुढच्या तीन स्पीकरांना दोन-तीन मीटरच लागतील, तिथे दीड एमएम चालते.

टोकांना बनाना प्लग लावा, स्क्रूने घट्ट होणारे, आणि मागे हीट-श्रिंक नळी (तापवल्यावर आवळणारी) चढवा. उघड्या तारा टर्मिनलमध्ये पिळून ठेवल्या की गोव्याच्या हवेत त्या काळ्या पडतातच, तुमच्याकडे समुद्र लांब असला तरी पावसाळ्यातला दमट काळ आहेच. शिवाय एखादी सुटी तार बाजूच्या टर्मिनलला टेकली तर अॅम्प्लिफायरचा आउटपुट जाऊ शकतो.

दोन्ही टोकांना तार कुठली हे ओळखायला दीड व्होल्टचा सेल वापरा. केबल एव्हीआरला जोडायच्या आधी तिच्या टोकांना सेल क्षणभर टेकवायचा. प्लसला लाल असेल तर वूफरचा कागद बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. माझा एक सराउंड वर्षभर उलटा होता आणि मी भिंतींना दोष देत होते!

एचडीएमआयचं असं आहे की चित्र अंकांनी जातं. केबल पुरेशी असेल तर चित्र पूर्ण येतं, नसेल तर ठिपके चमकतात, मधेच पडदा काळा होतो, नाहीतर काहीच येत नाही. महाग केबलने रंग जास्त गडद होत नाहीत. पण ११ मीटर हे साध्या तांब्याच्या केबलला फोर-केसाठी खरंच लांब आहे. तिथे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आत काचेचे धागे असलेली. चांगली तीन-चार हजारांत मिळते. तिला दिशा असते, एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा. उलटी घातली तर सगळी परत ओढावी लागते. सेट-टॉप बॉक्स ते एव्हीआर या दीड-दोन मीटरला पाचशे-सातशेची 'प्रीमियम हाय स्पीड' लेबलवाली पुरे, ती १८ गिगाबिटची असते. ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' गेम खेळणाऱ्यांना लागते. तुम्हाला नको.

पाइप मोठा टाका. एचडीएमआयचं टोक नेहमीच्या पाऊण इंची पाइपातून जात नाही, वळणावर तर नाहीच. दीड-दोन इंची पाइप, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड, आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी केबल बदलायची झाली की ती दोरी उपयोगी पडते.

वायरमन (साखळी)

वर काकांनी डिचोलीहून निदान केलं ते बरोबर आहे. मी लायसन्स असलेला वायरमन आहे, सत्तरी-डिचोलीत अशी घरं रोज बघतो.

चिऱ्याची जमीन हा आपला मूळ प्रश्न. जांभा पावसात पाणी पितो, तेव्हा अर्थचं रीडिंग (ओहममध्ये, जितकं कमी तितकं चांगलं) छान येतं. एप्रिल-मे मध्ये तोच जांभा भाजलेल्या विटेसारखा कोरडा होतो आणि रीडिंग कितीतरी पट वाढतं. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. म्हणून अर्थ मापायचा तो आत्ता, एप्रिल-मे मध्ये. ऑगस्टमध्ये मापून समाधान मानलेलं घर मे मध्ये उघडं पडतं.

जुन्या पद्धतीने खड्ड्यात कोळसा-मीठ घालून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप पुरतात. मिठाने रीडिंग सुधारतं, पण तेच मीठ पाइप आणि पट्टी खाऊन टाकतं. दहा-बारा वर्षांनी उकरलं तर पट्टी पापुद्र्यांसारखी हातात येते. वरून दिसणारा टोकाचा तुकडा मात्र चकचकीत असतो, त्यामुळे घरवाल्याला वाटतं अर्थिंग आहे.

दादा, तुमच्याकडे कुळागर आहे ना? मग घराच्या चिऱ्यात खड्डा मारू नका. कुळागराच्या पाटाजवळ रॉड घाला. तिथे बारा महिने शिंपण असतं, माती काळी आणि ओली. तांब्याचा मुलामा असलेले तीन मीटरचे दोन रॉड, एकमेकांपासून निदान तीन मीटरवर, भोवती बेंटोनाइटवालं (ओल धरणाऱ्या मातीचं) कंपाउंड. तिथून १६ एमएमची तांब्याची तार वर मेन बोर्डापर्यंत. तार लांब पडेल, पडू दे. डिशचा खांबही याच अर्थला जोडायचा. डिशसाठी वेगळा रॉड घालून तो मोकळा ठेवणं म्हणजे काकांनी सांगितलेली जेटी पुन्हा बांधणं.

मग एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण. प्लगमधला नाही, मेन बोर्डात बसणारा, टाइप २. सिंगल फेजला फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब असा जोडीचा येतो. त्यावर ३२० व्होल्ट, २० आणि ४० केए (किलोअँपिअर) असे आकडे बघा. जागा मेन एमसीबीनंतर (जादा करंटला तोडणारा स्विच), आरसीसीबीच्या आधी (गळती करंटला तोडून माणसाला शॉकपासून वाचवणारा स्विच). आणि त्याच्या तारा आखूड ठेवायला सांगा. फेजची आणि अर्थची मिळून अर्ध्या मीटरच्या आत. सर्जच्या वेगात एक मीटर तारेवरच हजारेक व्होल्ट पडतात, मग एसपीडी कितीही चांगला असला तरी ते तुमच्या यंत्राला जातात. मी बोर्ड उघडतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एसपीडीच्या तारा गुंडाळी करून नीटनेटक्या बांधलेल्या असतात. बसवणाऱ्याने मन लावून केलेलं असतं, पण त्या गुंडाळीने काम बिघडतं.

अजून एक, हे कोणी विचारलं नाही पण आमच्या भागात विजेपेक्षा याने जास्त सेट जातात. पावसाळ्यात फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी साडेतीनशे, कधी चारशेपर्यंत व्होल्ट येतात आणि मिनिटभर तसेच राहतात. एमओव्ही हा क्षणाच्या काही लाखाव्या भागापुरता बनवलेला आहे, मिनिटभराचा भार त्याला झेपत नाही. तो तापतो, जळतो, स्वस्त स्पाइक गार्डमध्ये थर्मल फ्यूज नसेल तर प्लास्टिकही पेटतं. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ वेगळा बसवावा लागतो. २७० च्या वर किंवा १७० च्या खाली गेलं की तोडतो, नीट झाल्यावर काही मिनिटांनी स्वतः जोडतो. बाराशे-पंधराशेत मिळतो. तो एसपीडीच्या जोडीला हवाच.

कुळागरातला (सावईवेरे)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी मापं. फोंड्याहून ओळखीच्या वायरमनला बोलावलं. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ १२२. न्यूट्रल-अर्थ १०९. त्याने मीटर माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, तुमचा अर्थ हवेत लोंबकळतोय. काका, तुम्ही न पाहता लिहून दिलं होतं ते अक्षरशः खरं निघालं.

मग मागच्या बाजूचा जुना खड्डा उकरला. आजोबांच्या वेळचा, वर सिमेंटची चौकट आणि तिच्यात चकाकणारा बोल्ट. दीड हात खाली गेल्यावर पट्टी संपलीच. तिच्या जागी मातीत फक्त गंजाची तांबडी रेघ होती, जशी पट्टी होती तशीच सरळ खाली गेलेली. मी बोट लावलं तर ती रेघ पुसली गेली. बाबा काठावर उभे राहून बघत होते, बराच वेळ काही बोलले नाहीत. या खड्ड्यावर विसंबून आम्ही इतकी वर्षं गीझर, फ्रिज, मिक्सर, सगळं वापरलं. घरात आरसीसीबी पण नव्हता. होम थिएटर जळलं म्हणून हे कळलं, नाहीतर एखाद्या दिवशी आईला गीझरच्या नळाने कळलं असतं. तो विचार अजून मनातून जात नाही. आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, त्याच दिवशी बसवला.

साखळीच्या दादांनी कुळागराचं सुचवलं नसतं तर आम्ही पुन्हा त्याच जागी खड्डा मारला असता. वायरमनला खात्री नव्हती, म्हणून त्याने प्रयोगासाठी एक रॉड घराशेजारी चिऱ्यात घातला, ड्रिलने भोक पाडून. टेस्टरवर १४० ओहम. तोच रॉड काढून पाटाच्या कडेला सुपारीखाली ठोकला, शेवटचा हातभर तर नुसत्या वजनानेच गेला. ११ ओहम. दुसरा रॉड साडेतीन मीटरवर घालून दोन्ही जोडले, साडेसहा. हे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं रीडिंग आहे, पाऊस न पडलेलं. आता सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट येतात आणि झिणझिण्या गेल्या.

डिशचा खांब १६ एमएमने त्याच अर्थला बांधला. केबल पूर्वी खिडकीतून थेट यायची, ती आता आधी मेन बोर्डाजवळ खाली आणली, तिथे गॅस ट्यूबवाला अरेस्टर (केबलमधला सर्ज अर्थला सोडणारा) लावला, त्याची अर्थ बोर्डाच्या अर्थपट्टीला, मग वर. लॅन केबल काढूनच टाकली. वर वायफाय पुरतं.

खर्च लिहितो, कोणाला उपयोग होईल. रॉड, कंपाउंड, २२ मीटर तांब्याची तार आणि मजुरी मिळून १३ हजार ४००. तारच महाग पडली. एसपीडी २,८००, व्होल्टेज कटऑफ १,३५०, आरसीसीबी २,१००, अरेस्टर ४५०. ऑप्टिकल एचडीएमआय ३,६००. स्पीकरची वायर, बनाना प्लग, पाइप आणि छोटी एचडीएमआय मिळून ४,९००. एकूण २८ हजार ६००. ठरवल्यापेक्षा जास्त झाले, पण निम्म्याहून जास्त पैसे सगळ्या घरासाठी गेले आहेत.

ताई, सेलची युक्ती केली. डावा सराउंड माझाही उलटा होता. दुकानात वायर खरवडल्यावर एक ब्रँड आतून पांढरा निघाला, दुकानदारालाच नवल वाटलं.

एक शंका राहिली. सबवूफरमधून बारीक 'हूं' असा आवाज सतत येतो. पूर्वी नव्हता.

जुना टीव्हीवाला (डिचोली)

फार चांगलं काम केलंत. मातीतली रेघ वाचून मला माझे दुकानातले कितीतरी सेट आठवले, ज्यांचं कारण त्या घराच्या परसात होतं आणि मी फक्त चिप बदलून दिली.

'हूं' हा ५० हर्ट्झचा. सबवूफरला थ्री-पिन आहे आणि आता अर्थ खरा आहे. डिशच्या केबलचं कवचही अर्थला आहे. दोन वाटांनी एकाच अर्थला गेल्यामुळे मधे वळसा तयार झाला आणि त्यात थोडा करंट फिरतो. खात्री करायला चालू असताना डिशची केबल सेट-टॉप बॉक्समधून फिरवून काढा. आवाज गेला तर तीच. मग सबवूफरच्या आरसीए केबलमध्ये छोटा ऑडिओ आयसोलेटर घाला, ट्रान्सफॉर्मरवाला, खोल बास न खाणारा बघून घ्या. शिवाय एव्हीआर आणि सबवूफर एकाच प्लग पॉइंटवरून चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच आवाज बसतो. काहीही झालं तरी सबवूफरच्या प्लगची अर्थची पिन कापू नका. लोक सांगतील तसं करायला, आवाजही जाईल, पण मग सगळ्या मेहनतीतून सबवूफर बाहेर पडेल.

एसपीडीवर छोटी खिडकी आहे, हिरवी. ती लाल झाली की काडतूस बदलायचं. दर मोठ्या गडगडाटानंतर बघत जा. आणि फोनवर दामिनी अॅप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, जवळपास वीज पडत असेल तर सूचना देतं. सूचना आली आणि घरी असाल तर मेनचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढा. कडकडाट डोक्यावर येण्याआधी. विजा सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका. वीज माडाऐवजी थेट घरावरच पडली असती तर एसपीडीही पुरला नसता.

कुळागरातला (सावईवेरे)

केबल फिरवून काढली, आवाज तत्क्षणी गेला. प्लग एकत्र केल्यावर निम्मा कमी झाला, उरलेल्यासाठी आयसोलेटर मागवलाय. तोवर डिश काढूनच ठेवली आहे. बाबांची ध्वनिमुद्रणं पेनड्राइव्हवर आहेत, त्यांना डिश लागत नाही. काल रात्री साडेअकरापर्यंत वर बसले होते.